पुण्याची रिया मधवार म्हणते

मुखेड
२१ जुलै २०२५

भगवानराव,

नमस्कार. त्याच्या आधी 'सप्रेम' असतं हे मला ठाऊक आहे. तो शब्द मी गाळलाय, पोस्टात गळाला असं समजू नका.

मंडपवाल्या शेषेरावाला या वयात पत्रं कुठून सुचली म्हणून हसला असाल. तुमच्यामुळंच सुचली. माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलात, दुसऱ्या दिवशी माझ्या बायकोचा केलात, म्हणजे तुमच्या पाठच्या बहिणीचा. आणि फोनमधलं तुम्ही लातूरला खुर्चीत बसून पुसू शकता हे मी डोळ्यांनी बघितलं. कागदाचं तसं नाही. फाडायचा तर खुशाल फाडा, झेरॉक्स काढून ठेवलीय.

उमरीची वास्तुशांती आठवते? तुमच्या धाकट्या बहिणीची, मनिषाची. जेवणं उरकली आणि तुम्ही पितळी परात मागवलीत. सगळ्या पाहुण्यांच्या पोरांचे फोन त्या परातीत गोळा केलेत. लातूरला क्लास चालवणारा माणूस, पालक मेळाव्यांत 'मुलांच्या मोबाईलवर लक्ष ठेवा' म्हणून तावातावानं बोलणारा, तुमच्यापुढं आम्ही कोण? तुम्ही म्हणालात, "दाजी, तुमच्यानं हे व्हायचं न्हाई. तुम्ही बांबू रोवा, पोरं माझ्यावर सोडा." सगळे हसले. मी पण हसलो, पाहुण्यात हसावं लागतं. मग एकेक फोन उचलून तुम्ही त्यात कुलूप बसवत गेलात. पोर कुठं आहे ते दिसणार, किती वेळ बघतंय ते दिसणार, नवीन काही टाकायचं तर पालकाची परवानगी लागणार. आणि प्रत्येक फोनात पालक म्हणून मेल कुणाचा, तर तुमचा. उज्वला कौतुकानं म्हणाली होती, "मामा म्हंजे दोनदा माय."

कुलूप चांगलंच होतं हो. किल्ली तुमच्या घरात राहिली.

या महिन्यात एका दुपारी बिलोलीचं काम पुढं गेलं म्हणून मी गोडाऊनमध्ये कर्णे पुसत बसलो होतो. गोडाऊन आणि आरतीची खोली यांच्यामध्ये नुसता पत्रा. उज्वला शेताकडं गेलेली. पलीकडून एका मुलीचा बारीक आवाज आला, "आज शाळेत नाही गेलीस? घरीच दिसतेयस."

आमची म्हणाली, "पोट दुखून राहिलं."

मैत्रीण असेल म्हणून मी सोडूनही दिलं असतं. पण ते 'दिसतेयस' कानाला टोचलं. कुणाला दिसते? कुठून?

मग मी कर्णा खाली ठेवला आणि नीट ऐकू लागलो. माइकमागं उभा राहून माझे केस पांढरे झाले. आवाज बारीक करायचं यंत्र माझ्याच दुकानात आहे, ऑर्केस्ट्रावाले भाड्यानं नेतात. त्यात आवाज बारीक होतो, पण दोन वाक्यांच्या मधे माणूस जो दम घेतो, त्याचं वजन जात नाही. ही रिया, नाव रिया सांगत होती, दम घ्यायची ती गड्यासारखी. पुण्याची आहे म्हणत होती. आणि मग म्हणाली, "तुझा फोटो माझ्याकडे आहे. त्याचं काय काय करता येतं माहितीये ना? शाळेच्या ग्रुपवर टाकायला मला एक मिनिट लागेल. त्यापेक्षा मधवारी स्टँडच्या मागे ये. माझा दादा गाडी घेऊन येईल, त्याच्याबरोबर जायचं. मम्मीला बोलायचं नाही."

मधवारी.

हा शब्द तुम्हाला समजवायची गरज नाही. पण उद्या हे पत्र दुसऱ्या कुणाच्या हातात गेलं तर त्यालाही कळावं म्हणून लिहितो. तुमच्या वडिलांचं नाव बुधाजीराव. तुमच्या आईनं, पंचफुलाबाईंनी, नवऱ्याचं नाव कधी तोंडातून काढलं नाही, आणि नाव येतं म्हणून तो वारही काढला नाही. आठवड्याच्या मधला वार, म्हणून मधवार. त्यांच्याकडून तो तुम्ही उचललात, उज्वलानं, मनिषानं उचलला, आणि आजीच्या मांडीवर वाढलेल्या तुमच्या लेकानं, सत्यमनं उचलला. लग्नं, बारशी, सप्ते करत मी तीन जिल्हे पायाखाली घातले, त्या एका घराबाहेर हा शब्द मला भेटला नाही.

पुण्याची रिया मधवार म्हणते?

मी आत गेलो. ओरडलो नाही. पोरीच्या शेजारी फरशीवर बसलो. तिनं फोन पालथा घातला आणि भिंतीकडं तोंड केलं. मी म्हटलं, "बाई, मला एवढंच सांग. ती मधवार म्हणली, तवा तुला काही वेगळं न्हाई वाटलं?"

"त्यात काय वेगळं? मम्मी बी म्हणती की."

मग हळूहळू सगळं आलं. रिया गेममध्ये भेटली. नंतर बोलायचं दुसरं ॲप टाक म्हणाली. पालकाच्या परवानगीशिवाय ते पडतच नव्हतं, पण परवानगी आली. फोटो गॅदरिंगच्या नाचातला, नऊवारी नेसलेला, आख्ख्या गावानं बघितलेला. तो बदलून कसाही करीन म्हणत होती. तेरा वर्षांची पोर, पंधरा दिवस भाकरी चिवडत होती आणि आम्ही तिला ओवा चारत होतो.

मी तसाच ठाण्यात निघालो होतो. उज्वला दारात आडवी झाली. "आधी दादाला सांगा. दादा त्याला सोडायचा न्हाई. घरातलं लेकरू हाय हो." म्हणून मी तुम्हाला फोन केला. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत, मधे एक शब्द बोलला नाहीत. शेवटी म्हणालात, "दाजी, पोरीचा फोन चालू ठेवा, मी बघतो." हातातला चहा संपायच्या आत तो फोन काळा पडला, आणि परत लागला तो दुकानातून आणल्यासारखा कोरा. रिया नाही, बोलणं नाही, धमकी नाही. मी पुन्हा फोन केला तर तुम्ही मलाच विचारलंत, "कोण रिया, दाजी?"

हे तीन शब्द मी जपून ठेवलेत.

आता माझं मागणं. सत्यमनं मुखेडला यायचं, आरतीपुढं उभं राहून सांगायचं की रिया मीच. तुम्ही त्याच्या शेजारी उभं राहायचं. आणि नात्यातल्या सगळ्या पोरांच्या फोनातून तुमचा मेल काढायचा. नाही केलंत तर मी माझ्या रीतीनं करीन. मी आधी खड्डा घेतो, मग बांबू रोवतो, तुम्हीच म्हणाला होता की बांबू रोवा.

उज्वलाचा नमस्कार लिहू का विचारलं. नको म्हणाली नाही, पण हो पण म्हणाली नाही.

शेषेराव


मुखेड
१ ऑगस्ट २०२५

भगवानराव,

उत्तर पोचलं. तुम्ही ते कागदावर न पाठवता बसवंतमामांच्या तोंडी पाठवलंत. हुशार आहात. पण तुमच्या मामांना म्हातारपणी बिलोलीहून एवढ्या लांब पाठवायचं होतं तर निरोप नीट पाठ करून तरी घ्यायचा.

ते बसले, पाणी प्याले आणि म्हणाले, "शेषेराव, पोरगं तरनं हाय. चुकलं असल."

मी म्हटलं, "कोण चुकलं मामा? भगवानराव तर म्हणतात रियाच न्हवती."

मामा घोटाळले. "हाव, तसं न्हवतीच. पन असली, तर चुकली असल."

मी पोह्यांची बशी पुढं सरकवली. म्हटलं, खा, तुमचा काय दोष. मग त्यांनी खरा निरोप काढला. "पोरीच्या बापानं आवाज करू न्हाई. भगवान म्हनून राहिला, लोकं आधी हेच इचारतील की पोरीनं फोटो दिलाच कामून. उद्या सोयरीक घेऊन कोन येईल तुमच्या दारात?"

"मामा," मी म्हटलं, "माझा धंदाच आवाज करायचा हाय."

तेवढ्यात उज्वला चुलीपासून उठून बाहेर आली. हीच ती, जिनं माझी वाट अडवली होती. पदराला हात पुसत म्हणाली, "मामा, दादा असं म्हणला? आरतीला?" मामांनी मान खाली घातली. उज्वलानं त्यांच्या पुढची बशी उचलली आणि आत नेली. बशी रिकामी झालेली नव्हती.

त्या दिवसापासून ती मला थांबवत नाही. आधी तुमचं नाव निघालं की डोळ्यांना पदर लावायची. आता तुमचं नाव निघालं की कोयत्यानं नारळ सोलावा तशी बोलते. बहीण होती तोवर तुमच्या बाजूनं होती हो. तुम्ही तिला आई करून सोडलंत.

एक गोष्ट मागच्या पत्रात मी मुद्दाम लिहिली नव्हती. रिया बोलत होती तेव्हा मी नुसता ऐकत उभा नव्हतो. माझा फोन रेकॉर्डिंग लावून पत्र्याच्या फटीला धरला होता. आत माझं लेकरू घाबरून बोलत होतं आणि मी बाहेर हात हलू न देता उभा होतो. ते सोपं होतं असं समजू नका. त्या सगळ्याचा हिशेब तुमच्याच नावावर आहे. पहिल्या पत्रात सांगितलं असतं तर माझाही फोन कसा पुसावा याची तुम्ही सोय बघितली असती. आता त्या आवाजाच्या इतक्या ठिकाणी प्रती आहेत की मलाच आठवत नाहीत.

आता पुढचं ऐका. पंधरा ऑगस्टला लातूरच्या हॉलमध्ये तुमचा पालक मेळावा आहे. पत्रिका माझ्यापर्यंत आली, फोटो छान आलाय. साउंड दयानंदचं आहे. दयानंद माझ्याकडं वायरी गुंडाळायला शिकला, अजून मी दिसलो की खुर्चीवरून उठतो. तुम्ही माइकपुढं उभं राहाल आणि नेहमीसारखं विचाराल, "पालकहो, बंद दारामागं तुमच्या मुलांशी कोण बोलतंय, हे तुम्हाला माहीत आहे का?" आणि वरच्या कर्ण्यांतून उत्तर येईल. आधी बारीक, पुण्याच्या रियाचं. मग मी ते हळूहळू खाली आणत नेईन, जाड करत, जाड करत, पहिल्या रांगेतल्या महादेवीवहिनी स्वतःच्या लेकाचा आवाज ओळखून तोंडाला पदर लावेपर्यंत.

मेळावा रद्द केलात तर का केला ते लोकांना सांगावं लागेल. नाही केलात तर मी आहेच. तोवर रोज थोडं थोडं घाबरा. आमची पोर तसंच घाबरत होती.

शेषेराव


मुखेड
११ ऑगस्ट २०२५

भगवानराव,

पंधरा ऑगस्टला बिनघोर भाषण करा. वरून काही वाजणार नाही.

हे लिहिताना माझा हात जड झालाय, कारण मी सगळी तयारी केली होती. दुकानात बसून तो आवाज खाली आणत होतो. जमत आला होता, तुमचा पोरगा खोलीत बसून बोलावा इतका साफ. तेवढ्यात आरती डबा घेऊन आली आणि उंबऱ्यातच थांबली.

"पप्पा, हे कुठं लावनार हाव?"

मी सांगितलं. मला वाटलं, खूश होईल.

"त्यात मी बी हाय."

"तुझा आवाज कापून टाकतो की, बाई."

"कापला तरी मला ऐकू येईल."

डबा ठेवून ती गेली नाही, मी मशीन बंद करेपर्यंत तिथंच उभी राहिली. मी बंद केलं. तुमचं नशीब माझ्या पोरीनं वाचवलं, आणि ते तुमच्यासाठी नव्हे, हे लक्षात ठेवा.

मी तिलाच विचारलं, मग काय करू? त्यांना असंच सोडू? ती म्हणाली, "दीपालीला इचारा."

दीपाली, मनिषाची. तुमची दुसरी भाची.

राखीला उज्वला दरवर्षी लातूरला येते. यंदा आम्ही उमरीला गेलो. तुमच्या आईही पंचमीपासून तिथंच होत्या. मनिषा सैपाकात होती. उज्वलानं दीपालीला जवळ घेतलं आणि विचारलं, "रियाला ओळखतीस का गं?" एवढंच विचारलं. पोरीनं आईकडं बघितलं आणि फोन उज्वलाच्या मांडीवर ठेवला. जळता निखारा टाकावा तसा.

मी पहिलं काम काय केलं असेल? सीम काढलं, वायफाय बंद केलं. एकदा पोळलेला माणूस आहे. मग बघितलं. सगळं होतं, भगवानराव. तीच रिया, तीच गोड बोली, तोच फोटोचा धाक. अक्षरात लिहिलेला मधवार. सत्यमनं तुम्हाला सांगितलं असेल की एकदाच झालं, गंमत होती, आरतीपुरतीच. तुम्ही त्याच्यावर विश्वास ठेवलात आणि एकच फोन पुसलात. त्याच्यासाठी तुम्ही सख्ख्या बहिणीला तोडलंत आणि त्यानं तुम्हालाही निम्मंच सांगितलं. आज जेवताना त्याच्या तोंडाकडं बघा.

मनिषानं स्वतःचा फोन काढला. म्हणाली, "थांबा, मी दादाला फोन लावते, दादा बघील." उज्वलानं तिचं मनगट धरलं. "लावू नको. आम्ही लावला हुता."

तुमच्या आई दाराशी वाती वळत बसल्या होत्या. म्हणाल्या, "काय ऐकून राहिलेत सगळे? मला बी ऐकवा की." मनिषा नको नको म्हणत होती. मी ऐकवलं. खरं सांगतो, मला ऐकवायचंच होतं. माझ्या फोनातला तो बारीक आवाज, अजून खाली न आणलेला. त्यांनी कान लावला आणि लगेच हसल्या. "अगं, हे आपलं सत्या हाय. नाक चोंदल्यावानी कामून बोलून राहिलं?"

मला यंत्र लावून जे जमत होतं ते त्या बाईला वाती वळता वळता कळलं. मग उज्वलानं त्यांना सांगितलं, तो कुणाशी बोलतोय आणि काय बोलतोय. त्यांनी वाती ताटलीत नीट रचून ठेवल्या आणि उठून मागच्या अंगणात गेल्या. पुरणाचं ताट वाढलेलं तसंच राहिलं.

काल आम्ही नांदेडला जाऊन तक्रार दिली. आरती, दीपाली, दोघींच्या आया, दोघींचे बाप. सायबरच्या बाईसाहेबांनी दोन्ही पोरींना आधी वेगळं बसवून पाणी दिलं, मग बोलतं केलं. आरतीचा कोरा फोन त्यांनी हातात घेतला तेव्हा मी म्हटलं, यात काही नाही हो. त्या म्हणाल्या, "पुसल्याची नोंद असते ना, काका. कधी पुसलं, कुठल्या खात्यावरून पुसलं." मी त्यांना तुमचं नाव सावकाश सांगितलं, एखादा काना गळू नये म्हणून.

येताना आम्ही नात्यातली घरं घेतली. त्या दिवशी परातीत ज्यांच्या पोरांचे फोन होते ती सगळी. उज्वला पुढं, मी मागं. एरवी फोनवर बोट ठेवायला भिणारी बाई, चार दिवसांत शिकली. प्रत्येक घरात तुमचा मेल काढायचा आणि त्या पोराच्या आईचा टाकायचा, पोराला शेजारी बसवून. काय दिसणार, काय नाही दिसणार, हे त्याच्यासमोर ठरवायचं. साखराबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "भगवान बघतो म्हनून मी निवांत हुते की गं!" उज्वला म्हणाली, "तेच तर, काकू. समद्याच निवांत हुतो." काढायच्या आधी प्रत्येकीला तिनं कारण सांगितलं. पोरींची नावं नाही घेतली. तुमचं घेतलं.

तुमच्या स्क्रीनवर आपल्या खानदानातल्या लेकरांचे ठिपके असायचे ना? काल संध्याकाळपासून ते एकेक विझताना बघितले असाल. तेवढं बघायला मी तिथं असायला हवा होतो.

शेषेराव


मुखेड
३० ऑगस्ट २०२५

भगवानराव,

गणपतीची गर्दी आहे, चौकातल्या मंडपाचं साउंड बघून आत्ताच घरी आलोय. तरी लिहायला बसलो. तुम्हाला लिहिण्याची आता मला चटक लागलीय.

मेळावा शेवटी झालाच नाही म्हणे. सत्यमला घेऊन गेले आणि तुमचा लॅपटॉपही नेला, हे मला लातूरहून तिघांनी कळवलं, एकानं तर मिसळ खाता खाता. बसवंतमामा परत येऊन गेले. यावेळी उज्वलानं बशी दिलीच नाही. म्हणाले, "शेषेराव, पोराचं आख्खं वर्ष वाया चाललं. भगवान घराबाहेर पडंना झालाय. सूड पुरे करा आता."

मी म्हटलं, "मामा, आताशी तर पंगत बसलीय."

वाईट वाटलं का, असं त्यांनी जाताना विचारलं. आरतीला पहिल्यांदा पोटभर जेवताना बघितलं तेव्हा पण मला तुमची आठवण आली, आणि वाईट वाटलं नाही. तुम्हीसुद्धा बाप आहात, पोराला वाचवत होता, हे मला कळतं. चुकलेल्या पोराला घेऊन माझ्या दारात उभे राहिला असता तर मी त्याच्या दोन कानाखाली वाजवल्या असत्या आणि तुम्हाला पाट दिला असता. तुम्ही पोराला पाठीशी घातलंत आणि माझ्या पोरीला पुढं ढकललंत.

पण हे पत्र त्यासाठी नाही. तुमच्या आईचं सांगायचं आहे. त्या कुठं गेल्या म्हणून तुम्ही उमरीला विचारणा केलीत असं कळलं.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी त्या एसटीनं मुखेडला उतरल्या. हातात कापडी पिशवी. स्टँडवर मंडपवाल्याचं घर विचारत विचारत चालत आल्या. उज्वला धुणं टाकून धावली. उमरीहून त्या तुमच्याकडं परत का आल्या होत्या ते तुम्हाला माहीत आहे, तुमच्या तोंडून ऐकायला. तुम्ही काय सांगितलंत ते त्यांनी आम्हाला सांगितलं. "आई, पोलिस इचारतील, तर मधवार सगळ्याच गावात म्हणतात असं सांग." एवढं सांगून त्या म्हणाल्या, "माझ्या तोंडचा शब्द. मालकाच्या मानापायी काढलेला. त्यो मला खोटा कराया लावून राहिला."

मी त्यांना म्हटलं, मामी, तुम्ही या भानगडीत पडू नका, तुमचा नातू आहे. हे मी मनापासून म्हटलं की नाही, ते मला विचारू नका. त्यांनी उज्वलाला लुगडं बदलायला मदत कर म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही नांदेडला गेलो.

बाईसाहेबांनी विचारलं, "आजी, हा शब्द तुमच्याच घरात का म्हणतात?"

त्या म्हणाल्या, "मालकाचं नाव येतं म्हनून."

"काय नाव?"

उज्वला पुढं झाली, मी सांगते म्हणाली, आमच्यात बायका नाव घेत नाहीत. तुमच्या आईनं तिला हातानं मागं सारलं. "न्हाई. माझा जबाब हाय, मीच सांगते. लिहा बाई. बुधाजी. बुधाजी माझा मालक. बुधवार म्हनू न्हाई म्हनून मी मधवार म्हनले, अन् सत्या माझ्या मांडीवर शिकला." मग कुणी न विचारता पुढं म्हणाल्या, "त्या यंत्रातला आवाज बी सत्याचाच हाय."

अंगठा उठवून बाहेर आल्या आणि व्हरांड्याच्या पायरीवर बराच वेळ बसल्या. तुमचे वडील वारले तेव्हा त्या रडल्या नव्हत्या म्हणतात. त्या दिवशी रडल्या. मी लांब जाऊन उभा राहिलो. तेवढी लाज मला आहे.

आता त्या इथंच राहतात. जावयाच्या घरी सासू राहायला आली हे आपल्यात काय समजतात, मी लिहायला नको. मी कुणाला सांगत नाही. पण मुखेड केवढं, लोक विचारतात, "शेषेराव, सासूबाई किती दिवस?" मी म्हणतो, "लेकाला विचारा." ते लातूरला विचारतात की नाही, ते तुम्हीच सांगा.

त्यांची खाट आरतीच्या खोलीत टाकलीय. पोरीला फोन परत दिला, पालक म्हणून तिच्या आईचा मेल टाकून. संध्याकाळी ती बघत बसते तेव्हा आजी शेजारी टेकून बसतात. त्यांना फोनमधलं काही कळत नाही. कळत नाही म्हणून विचारतात, हे कोण, ते कोण, हे काय म्हणतंय, आणि पोर कंटाळत कंटाळत सगळं वाचून दाखवते. कुठल्याही कुलपात एवढा चौकसपणा नसतो.

काल त्याच वेळेला आरतीचा फोन वाजला. तुम्ही होता. उज्वलाचा आणि माझा नंबर तुम्ही ब्लॉक केलाय, मग आईशी बोलायला शेवटी त्याच पोरीचा नंबर लावावा लागला. मी ओसरीवर वायर जोडत होतो. मुद्दाम मान वर केली नाही, कान होतेच.

आरती म्हणाली, "आज्जी, मामा."

"कोन?"

"मामा. लातूरचा. तुमच्याशी बोलायचं असल. उचलू का?"

फोन वाजत राहिला. खाटेची दोरी करकरली. तुमच्या आई म्हणाल्या, "आरते, तुला किती बार सांगितलं? अनोळखी मानसाचा फोन उचलायचा न्हाई."

शेषेराव